गलबत अजून बाहेर आहे

आमच्या मास्तरांना समुद्र लागत असे. होडीत बसल्यावर तो कोणालाही लागतो. मास्तरांना तो शाळेच्या खिडकीतून लागे. भरतीच्या लाटा वर्गातून दिसतात म्हणून त्यांनी आपली खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. पाठमोरे बसून ते आम्हाला भूगोल शिकवत, आणि मागे कोण काय करतंय हे त्यांना लाटांच्या आवाजातूनसुद्धा बरोबर कळे. खिशात कायम लिंबू. घाटावरच्या लोकांच्या खिशात तपकीर सापडते, आमच्या मास्तरांच्या खिशात लिंबाच्या बिया सापडत. शाळेच्या आवारात आज जी तीन-चार लिंबाची झाडं आहेत, ती कोणी लावलेली नाहीत. मास्तर तिथून नुसते चालले.

मास्तर तळ्याचे. तळा म्हणजे डोंगरातलं गाव. तिथे पाणी म्हणजे भाताच्या खाचरातलं, घोट्याइतकं, आणि तेही शहाण्यासारखं एका जागी उभं राहणारं. असा माणूस बदली होऊन किहीम आणि मांडव्याच्या मधल्या आमच्या कोळीवाड्यात आला. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं आणि स्वराज्य नवं होतं. सगळा वाडा मुंबईला लाँचने जाई. मास्तर पेण-पनवेलचा वळसा घेऊन दिवसभर एस.टी.चे धक्के खात जात, पण पाण्यावर पाय ठेवत नसत. "समुद्र ऐकायचा असतो," ते म्हणत, "बघायचा नसतो."

आणि या माणसाने समुद्रावरची अशी कादंबरी लिहिली, की तिच्यासारखी मांडव्यापासून मोंबासापर्यंत कोणी लिहिलेली नाही. आमच्या घरातले एक गृहस्थ म्हणतात की मी वाढवून सांगते. त्यांचं मनावर घेऊ नका. मी वाढवत नाही. घडलं तेच मुळात मोठं होतं.

त्याची सुरुवात शाळेच्या हजेरीपटापासून झाली. मास्तर आल्या आल्या घरोघर फिरून पोरांच्या जन्मतारखा विचारू लागले. आमच्या दारात आले तेव्हा माझी आय बोंबील वाळत घालत होती.

"पोरीचा जन्म कधीचा?"

"वादलाच्या सालचा, मास्तर."

"कुठल्या वादळाच्या?"

"आता वादलाला काय नाव असतंय? बोंबील भिजून कुजले नव्हते काय? त्या साली."

शेजारी बाया बसली होती. बाया म्हणजे वाड्यातली सगळ्यात जुनी म्हातारी, मासे विकून विकून जिचा आवाज असा तयार झाला होता की ती किनाऱ्यावर बोलली तर खोल समुद्रातले पापलेट दचकत. ती म्हणाली, "धाकटा तिचा झेंड्याच्या सालचा. आनि माजा नातू, पोस्टमन हिरीत पडला त्या सालचा. लिवा."

दुसरा मास्तर असता तर हसून निघून गेला असता. आमच्या मास्तरांनी सरकारी कागदावर सगळ्यांना जूनची पहिली तारीख दिली. आमचा वर्गच्या वर्ग एकाच दिवशी जन्मला, जसा काही एका जाळ्यात सापडला. पण सालांची नावं मात्र ते घरी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी वर्गाच्या चार कोपऱ्यांना त्यांनी चार सालं दिली. एक वादळाचं, एक दुष्काळाचं, एक झेंड्याचं आणि एक पोस्टमन विहिरीत पडल्याचं. कोणी मस्ती केली की मास्तर भिंतीकडे तोंड करूनच ओरडत, "जा, दुष्काळाच्या सालात उभी राहा!" मी इतक्या वेळा दुष्काळात उभी राहिले आहे की अजून मला त्या कोपऱ्यात भूक लागते.

"साल मोजायचं नसतं," ते सांगत, "ओळखायचं असतं. माणूस ओळखतो तसं."

या बोलण्यातून त्यांच्या कादंबरीतलं गलबत निघालं. शनिवारी शाळा अर्धी असे. दुपारी उंडीच्या झाडाखाली मास्तर समुद्राकडे पाठ करून बसत आणि पाठकोऱ्या कागदांवर लिहून आणलेला भाग वाचत. आम्ही पोरं पुढे, त्यामागे जाळी विणणारे बापये, त्यामागे टोपल्या घेऊन बायका. गलबताचं नाव होतं 'आवंदा', म्हणजे यंदा. ओहोटीच्या पाण्याबरोबर ते मागच्या सालांत जाई, भरतीबरोबर पुढच्या. पण त्याचा नांगर फार हट्टी. आकड्याच्या सालात तो धरत नसे, खाली नुसता घसरत राही. ज्या सालाला लोकांनी नाव दिलं असेल तिथेच तो रुतायचा. म्हणून कुठेही किनारा आला की त्या गलबताचा तांडेल, म्हणजे कप्तान, मोठ्याने शीळ घाली आणि भेटेल त्याला विचारी, "कोनतं साल हाय?" किनाऱ्यावरच्याने नाव सांगितलं तर नांगर धरणार, नाही तर गलबत पुन्हा वाहवत जाणार.

आता खरी गंमत. तो तांडेल म्हणजे चौदा वर्षांची पोरगी होती. तिला नाव नव्हतं, नुसती 'तांडेलीण'. तिच्या हनुवटीवर तीळ होता, ती नखं खायची, दोन बोटं तोंडात घालून शीळ घालायची आणि शिव्या आतल्या आत द्यायची. पहिल्या शनिवारी सगळा वाडा वळून माझ्याकडे बघायला लागला. मी नखं खात होते.

बापयांनी आरडाओरडा केला. माझा बा स्वतः तांडेल, वाड्यातला सगळ्यात मोठा मचवा त्याचा. तो उभा राहिला.

"मास्तर, बायकामानसाचा पाय बोटीला लागत नाय. आनि ही सुकानू धरते?"

"अहो, ही बोट पाण्यात कुठे चालते? ही सालांतून चालते," मास्तर म्हणाले.

"बोट ती बोट," बाया मागून म्हणाली. "पोर तांडेल तर तांडेल. पन बोटीचं जे काय असतं ते सगलं व्हायला पायजे."

मास्तरांनी ते मान्य केलं आणि तिथेच ते अडकले. नारळी पौर्णिमेला वाड्याने दर्याला नारळ दिला तेव्हा एक नारळ 'आवंदा'लाही द्यावा लागला. माझ्या बानेच तो कागदांच्या गठ्ठ्यापुढे वाढवला. मासळीचे वाटे निघत, बोटीचा एक, जाळ्यांचा एक, खलाशांचे. त्यात 'आवंदा'च्या खलाशांचाही एक छोटा वाटा निघू लागला आणि शाळेच्या पायरीवर येऊ लागला. खलाशांच्या वतीने मास्तर तो खात. मासे पोटात जाताना मात्र त्यांना समुद्र लागत नसे.

मी सातवी झाले त्या उन्हाळ्यात मला मागणी आली. पलीकडच्या वाड्यातला मुलगा. त्याचा मामा बोलणी करायला आला, पाटावर बसला, आणि मला एखादी सुरमई बघावी तसं डोळे-कल्ल्यांपासून बघून घेतलं. मला अलिबागच्या हायस्कुलात जायचं होतं. हे मी बाला सांगितलंही होतं. बा म्हणाला होता, "शिकून काय करशील? बोंबलांना विंग्रजी शिकवशील?"

सगळं ठरलं. बाया दारात टोपली विणत बसली होती, तिने मान वर न करता विचारलं, "हलद कवा?"

"येत्या मंगलवारी," मामा म्हणाला.

"बोट कुठं हाय?"

"कोनची? मचवा तर वर ओढलाय," बा म्हणाला.

"ती नाय. मास्तरची. हिचीच ना ती? बोट बाहेर, आनि तांडेलाच्या घरात हलद?"

आमच्या वाड्याचा हा रिवाज फार जुना. तांडेल पाण्यात असेतो त्याच्या घरात हळद फोडायची नाही. त्याच्यावर वाद नाही. मामा हसला. "गोष्टीतली बोट गो ती, बाये!"

"नारल दिला का नाय तिला? वाटा निगतो का नाय तिचा?" बायाने आता मान वर केली. "खाताना बोट, आनि हलदीला गोष्ट?"

बाने नारळ दिला होता. मग त्याला आठवलं आणि त्याचा चेहरा खुलला. "अवो, येत्या शनवारी येते ती बोट! मास्तरांनी सांगितलंय, शेवटचा भाग हाय."

मी मागच्या दाराने जी पळाले ती शाळेत. मास्तर शेवटचा भाग लिहून, कागद शिंपल्याखाली ठेवून, स्वतःवर खूश होऊन बसले होते.

"मास्तर, बोट आनू नका!"

"अगं, किनारा दिसायला लागला. धूर काढलाय मी चुलींचा. फार चांगला उतरलाय."

मी सगळं सांगितलं. सांगताना रडले, आणि रडते म्हणून आतल्या आत शिव्याही दिल्या. मास्तर उठले. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना खिडकीशी जाऊन समुद्राकडे सरळ बघताना पाहिलं. मग त्यांनी अख्खं लिंबू सालीसकट तोंडात टाकलं.

शनिवारी उंडीखाली जत्रा. मामा आला होता, सोबत भाच्यालाही घेऊन. ओवाळायचं ताट तयार होतं. मास्तर वाचू लागले. किनारा दिसला. चुलींचा धूर दिसला. तांडेलिणीने दोन बोटं तोंडात घातली. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. आणि मास्तरांनी शांतपणे पान उलटलं, आणि नैर्ऋत्येकडून असा वारा सुटला की उंडीची पानं खरोखर हलली. नांगराचा दोर तुटला, शीड फाटलं, गलबत गरगर फिरलं आणि वाहवत दुष्काळाच्याही पलीकडच्या कुठल्या तरी सालात गेलं.

"ओ मास्तर! दिसत होता ना किनारा?" मामा ओरडला.

"दर्याचा भरवसा तू देतोस काय?" बाया म्हणाली.

आणि मागून एक कोवळा, फुटका आवाज आला, "मामा, गप रं! ऐकू दे!" तो भाचा होता.

त्या पावसाळ्यात मी हायस्कुलात गेले. बोट येईस्तोवर पोर घरात बसून काय करणार, असं बा म्हणाला. पहाटेच्या एस.टी.त मासेवाल्यांच्या टोपल्यांमध्ये बसून मी इंग्रजी शब्द पाठ करी, आणि वर्गात माझ्या बाकावर कोणी बसत नसे, त्यामुळे मला ऐसपैस जागा मिळे.

इकडे मास्तर गलबत फिरवत राहिले. आता हे बोलायला सोपं आहे. एका हंगामाची गोष्ट त्यांनी नेटकी बांधली होती, सुरुवात, मध्य, शेवट, सगळं चोख. तिला आता शेवट घालायचा नाही, आणि ती मरूही द्यायची नाही! पहिल्या वर्षात त्यांची सालं संपली. मग वाड्याने दिली. बायकांनी आपापल्या सासवांच्या लग्नांची सालं आणून दिली. एकाने आपल्या बैलाच्या पळून जाण्याचं साल दिलं. तिथे गलबत पूर्ण दिवाळीभर थांबलं. गलबत पुढच्या काळात गेलं तेव्हा मास्तरांनी सांगितलं की मासळी बर्फात झोपून मोटारीने मुंबईला जाईल आणि बायका होडीत बसून दर्यावर जातील. बायकांचं लोकांनी ऐकून घेतलं, पण बर्फावर सगळा वाडा इतका हसला की एकाची सुई जाळ्याऐवजी पायात गेली.

मामा दर हंगामाला येई. "आली का बोट?" असं तो विचारी, आणि भाचा सरळ पुढे जाऊन उंडीखाली जागा पकडी. पुढे पुढे तो मामाशिवायच येऊ लागला. त्याने मास्तरांकडे 'आवंदा'वर खलाशी म्हणून जागाही मागितली. मास्तरांनी त्याला पाणी उपसायला ठेवलं.

मग ती गोष्ट घडली, जिच्यासाठी मी हे लिहायला बसले आहे.

मला मॅट्रिकला अजून दोन वर्षं होती. किहीमला नारळीच्या वाडीतल्या बंगलीत सुट्टीसाठी मुंबईचे एक प्रकाशक उतरले होते. पापलेट घ्यायला म्हणून शनिवारी ते आमच्या वाड्यात आले आणि पापलेट हातात धरून उंडीखाली उभे राहिले. भाग संपला तेव्हा पापलेट वाळून त्याचा खारा व्हायच्या बेतात होता. पुढच्या शनिवारी ते खुर्चीच घेऊन आले. वाचन संपल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर मास्तरांचे हात धरले.

"मास्तर, मोठ्या होत असलेल्या पोरांसाठी असं मराठीत नाही हो कुठे. आम्ही छापतो. चित्रं घालतो. फक्त एवढं संपवा. येत्या शनिवारी गलबत घरी आणा, दिवाळीला पुस्तक बाहेर."

आम्हाला ठाऊक होतं मास्तरांना काय हवं होतं ते. शाळेच्या फळ्यावर, कोणी नसताना, ते आपलं नाव मुखपृष्ठावर छापल्यासारखं मधोमध लिहून बघत आणि पुसून टाकत. खडूची पुसट रेघ आम्हाला सोमवारी दिसे.

मास्तरांचा चेहरा एवढा उजळला की भरउन्हात आम्ही डोळे बारीक केले. "पुढच्या वर्षानंतर दिलं तर चालेल?" त्यांनी विचारलं.

"तेव्हाचं कोणी सांगावं? आत्ता द्या."

बाच्या हातातली जाळ्याची सुई थांबली होती. मी मान खाली घालून मासा खवलत होते. त्याला खवले उरले नव्हते तरी खवलत होते. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी कागद सरळ केले, शिंपला वर ठेवला.

"साहेब," ते म्हणाले, "गलबत अजून बाहेर आहे."

"अहो, आणणं तुमच्याच हातात आहे ना?"

"वारा नाही."

प्रकाशक खुर्ची उचलून गेले, ते परत आमच्या किनाऱ्याला आले नाहीत. त्या पुस्तकाला पुढे कोणीच विचारलं नाही, कारण शेवटी ते एवढं झालं होतं की छापायला कागदाची एक गिरणी वेगळी काढावी लागली असती.

संध्याकाळी बा शाळेच्या पायरीवर गेला. हातात दोन्ही बाजूंनी लोंबणारी सुरमई. मी कुंपणाआड होते.

"मास्तर, येवढं कशापायी?"

"कशापायी म्हणजे? अहो तांडेल तुम्ही, तुम्हाला मी सांगू? वारा नाही तर नाही."

बाने सुरमई पायरीवर ठेवली. मग म्हणाला, "व्हय. वारा नायच हाय."

त्यानंतर मामा आला तेव्हा त्याला पाटसुद्धा मिळाला नाही. "आली का बोट?" त्याने विचारलं, आणि माझ्या बाने, ज्याला बोंबलांच्या इंग्रजीची काळजी होती त्याने, त्याच्या तोंडावर सांगितलं, "वारा नाय. आनि दोन हंगाम तरी सुटत नाय."

मॅट्रिकचा निकाल वर्तमानपत्रात येई. मास्तर अलिबागहून पेपर घेऊन आले ते एस.टी.तून उतरून वाळूवरून पळत, तोंड सरळ समुद्राकडे करून, छत्री वल्ह्यासारखी मारत. आमच्या वाड्यातून मॅट्रिक झालेलं माझ्याआधी कोणी नव्हतं, पोरगा नाही आणि पोरगी तर नाहीच. आयने हातातली परात सोडली, ती कुठपर्यंत घरंगळत गेली ते अजून कळलेलं नाही.

"आता आणतो गलबत," मास्तर धापा टाकत म्हणाले. "येत्या शनिवारी, उंडीखाली."

"उंडीखाली?" बाया म्हणाली. "बोट काय झाडाखाली येते, मास्तर? बोट पान्यातून येते."

मास्तरांनी बाकडे पाहिलं. बाने मचव्याकडे पाहिलं. पावसाळा तोंडावर होता, पण दर्या अजून बरा होता. मास्तर घरी जाऊन धोतराच्या सोग्यात लिंबं बांधून आले.

शनिवारी मचवा पाण्यात लोटला. मास्तरांना दोघांनी उचलून आत ठेवलं. कागदांचा गठ्ठा त्यांनी छातीशी धरला होता, जसं काही बुडालेच तर त्याच्यावर तरंगणार होते. मग बा सुकाणूपासून बाजूला झाला.

"ये," मला म्हणाला.

बापये किनाऱ्यावर उभे होते. कोणीतरी घसा खाकरला. बाने त्याच्याकडे वळून विचारलं, "या बोटीचा तांडेल कोन? सांग ना. इतकी सालं बसून ऐकलंस ना?" तो घसा पुन्हा खाकरला नाही.

आम्ही लाटांच्या पलीकडे गेलो आणि वळलो. मास्तरांची काय अवस्था झाली ते सांगत नाही. मोठा माणूस, त्याची लाज राखली पाहिजे. एवढंच सांगते की दोन ओकाऱ्यांच्या मधल्या जागेत त्यांनी शेवटचा भाग वाचला, खणखणीत, एक ओळ न गाळता. चुलींचा धूर त्यांच्या कागदात होता आणि आमच्या समोर किनाऱ्यावरही होता. मी सुकाणू धरलं होतं. हाताला ते झाडासारखं जड लागत होतं आणि पलीकडून कोणीतरी जिवंत खेचत होतं. बाने मध्ये एकदाही हात घातला नाही.

किनाऱ्यावर सगळा वाडा. बाया कमरेइतक्या पाण्यात, डोक्यावर नारळ धरून. दोर झेलायला गुडघाभर पाण्यात एक तरुण उभा होता, तोच 'मामा गप' म्हणणारा, 'आवंदा'चा पाणी उपसणारा. पुढे मास्तरकीचं शिक्षण पुरं होईपर्यंत मी त्याला आणखी ताटकळत ठेवला. तेच ते आमच्या घरातले गृहस्थ. त्यांचं म्हणणं, पाणी घोट्याइतकंच होतं. गुडघाभर होतं.

मास्तरांचं शेवटचं पान आलं. पुढची शीळ तांडेलिणीची होती. त्यांनी मला कोपराने ढोसलं. मी दोन बोटं तोंडात घातली आणि अशी शीळ मारली की मांडव्याला लाँच सुटायची थांबली. मग मी ओरडले, "कोनतं साल हाय?"

बायाने नारळ दोन्ही हातांनी वर उचलला.

"आपली पोर म्याट्रिक जाली ते साल हाय! उतर आता, मास्तर मरंल!"

बाने नांगर टाकला. धरला.